धुरपताकाकूचा उपाशी हात

धुरपताकाकूनं माझ्या तोंडाकडं बघून कधी बोलणं सुरू केल्याचं मला आठवत नाही. ती आधी गळा बघायची, मग कानामागं, मग कोपराची घडी. लग्नात नवरीला आशीर्वाद द्यायला गेली तरी हात डोक्यावर आणि नजर मानेवर. माणसं तिच्या लक्षात राहायची ती कातडीवरून. नाव सांगता यायचं नाही. पण "तो न्हाई का, पाठीवर शिबं असलेला, शिरडच्या बाजारात गूळ इकतो," असं म्हणली की सगळ्या आळीला माणूस कळायचा. कुणाच्या दाढीत चाई पडली, कुणाच्या टाचेला भोवरी झाली, कुणाच्या पोरीच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उगवला आणि आई तो पावडरीनं झाकून राहिली, हे तिला सगळ्यात आधी ठाऊक असायचं. भोवरीचं आणि शिब्यांचं ती मोठ्यानं बोलायची. ठिपक्याचं कधीच बोलली नाही. पोरीचं लग्न व्हायचं होतं.

तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत. गाव शिरड शहापूरच्या जवळचं. तिचा नवरा किसनकाका मेंढरं राखायचे आणि थोडी जमीन होती ती कसायचे. मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. आई अंगठा लावते, वडील चौथीतून निघाले, आणि मी बी.एस्सी. बी.एड. होऊन कुरुंद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मिरवते आणि मिरवणार. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचं कॉलेज आहे त्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. म्हणून आधीच सांगून टाकते. गेरू ओढल्यानं नागीण बरी होते यावर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही.

धुरपताकाकू नागीण उतरवायची. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा धरून भाजल्यासारखे फोड उठतात, आग आग होते, ती नागीण. लोक म्हणतात, हा पट्टा सरकत सरकत अंगाला वेढा घालतो आणि त्याचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस संपला. काकू सहाणेवर गेरू उगाळायची, हराळीची काडी त्यात बुडवायची आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ ओढायची. वाट बंद. ओठ हलायचे, आवाज नाही. ऐतवारी नाहीतर मंगळवारी यायचं, तीनदा यायचं. त्याबद्दल ती कुणाकडून काही घ्यायची नाही, सुपारीसुद्धा.

फक्त एक अट होती आणि तिच्यात माफी नव्हती. उतरवणारी आणि उतरवून घेणारा, दोघंही निरंकार पाहिजेत. पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. ओट्यावरचा शेवटचा माणूस उठेपर्यंत काकू चूळसुद्धा भरायची नाही. "भरल्या पोटाचा हात म्हंजी नुसता हात," म्हणायची. त्या उजव्या हातानं ती शेण भरायची नाही, भांडणात तो कुणावर उगारायची नाही. तिची सून हसून सांगायची, सासूचा मार चुकला तो त्या हातामुळं, डावा काही एवढा बसत न्हाई.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तिच्या ओट्यावर जाऊन तिला सगळं समजावून सांगितलं होतं. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे विषाणू अंगातच दडून राहतात, पुढं कधीतरी एका नसेच्या वाटेनं वर येतात, म्हणून पट्टा एकाच बाजूला. बहुतेकांचे फोड आपोआप सुकतात. तू ओढ नाहीतर नको ओढू. तिनं गेरू उगाळता उगाळता सगळं ऐकून घेतलं.

"आपुआप सुकतंय तर लोकं काहून येऊन राहिलेत माझ्याकडं?"

"भीतीनं येतात."

"मंग भीतीच उतरीत आसंन मी," ती म्हणाली. "ती तुझ्या पुस्तकात हाय का न्हाई?"

तेव्हापासून ती मला मास्तरीण म्हणायला लागली. मास्तरीण व्हायला मला अजून चार वर्षं होती.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आखाडा बाळापूरचा एक काळीपिवळी चालवणारा माणूस तिच्याकडं आला. त्याचे फोड कपाळावरून उतरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेले, डोळा सुजून बंद. काकूनं ओढलं. फोड सुकले. डोळा मात्र गेला. नागीण डोळ्यात उतरते तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, गोळ्या घ्याव्या लागतात, हे तिला कोण सांगणार होतं? मला तरी तेव्हा कुठं माहीत होतं! पुढं तो माणूस शिरडच्या बाजारात भेटला. एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं काकूच्या पायाला हात लावला. म्हणाला, तुमच्यामुळं जीव तरी वाचला, डोळ्याचं काय घेऊन बसलात.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते आभार तिच्या अंगात काट्यासारखे मोडून राहिले. त्या दिवसापासून मानेच्या वर फोड असलेला माणूस दिसला की ती ओट्यावर बसूही द्यायची नाही. "हे माझं न्हाई. नांदेडची गाडी धर, आत्ताच्या आत्ता." आणि धान्य पाखडताना, भाकरी थापताना, मधेच कुणाशी बोलत नसताना म्हणायची, "त्या डोळ्याचं माझ्याकडं हाय." आम्ही ऐकून सोडून द्यायचो.

तिचं दुखणं तोंडापासून सुरू झालं. आधी गालाच्या आत चट्टे, मग जिभेवर, मग घशापर्यंत. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, नंतर नुसतं दूध, तेही डोळ्यांत पाणी आणून. मिश्रीमुळं तोंड आलंय असं सगळ्यांनी ठरवलं, तर तिनं मिश्री सोडली. तरी फरक नाही. गावातल्या डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. असेच काही महिने गेले आणि मग छातीवर फोड आले. नागिणीसारखे बारीक, घट्ट फोड नव्हते ते. पातळ पिशवीत पाणी भरावं तसे मोठे, ढिले. पदर घासला तरी फुटायचे, आणि फुटले की खालचं लालभडक मांस उघडं पडायचं. छातीवरून पाठीवर गेले, पाठीवरून काखेत, दोन्ही बाजूंना.

तिनं स्वतःच निकाल दिला. "उलटली."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरून उतरवलेल्या नागिणी तिच्यावर उलटल्या, असा त्याचा अर्थ. गावानं तो शब्द लगेच उचलला. हातपंपावर बायका तिच्या सुनेला पुढं जाऊ द्यायला लागल्या. मान म्हणून नाही, तिच्या घागरीला घागर लागू नये म्हणून. दुसऱ्या गावचा एक उतरवणारा किसनकाकांनी आणला, तो उंबऱ्यापर्यंत आला, आत डोकावला आणि तिथूनच परत फिरला. आपला हात आपल्या अंगावर चालत नाही, म्हणून काकूलाही काही करता येईना. ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. कोणी दवाखान्याचं काढलं की म्हणायची, "माझं मला फेडू द्या."

आणि मग घोंगडीचं झालं. हे लिहू नये असं वाटत होतं, पण ते सोडून तिचं काही सांगता येणार नाही. किसनकाकांच्या घरात घोंगडीइतकी शुद्ध वस्तू दुसरी नाही. देव बसवायचा तो घोंगडीवर, नवरा-नवरीला बसवायचं घोंगडीवर, बाळंतिणीच्या अंगाखाली घोंगडी. बायकोचे हाल बघवेनात तेव्हा त्या माणसानं, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, एकदाही न वापरलेली काळी घोंगडी काढली, तिच्यावर हळदीचं बोट लावलं आणि काकूला तिच्यावर निजवलं. त्याच्या हिशेबानं घरातलं सगळ्यात चांगलं त्यानं तिच्या अंगाखाली घातलं होतं. सकाळी उठवायला गेलो तर ओल्या अंगात लोकर रुतून सुकलेली. कोमट पाणी सोडलं, तेल सोडलं. जिथं सुटलं नाही तिथं कातडं घोंगडीबरोबर आलं. काकू ओरडली नाही. ओरडायला तोंडही धड नव्हतं. किसनकाका मात्र बाहेर जाऊन मेंढरांच्या वाड्यात बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

उठले तेव्हा आत येऊन तिच्याजवळ उभे राहिले. हा माणूस बायकोपेक्षा मेंढरांशी जास्त बोलायचा. म्हणाला, "मेंढरू आसतं तर मी आसंच सोडलं आसतं का? चल."

मी रजा टाकली आणि आम्ही तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

त्वचारोगाच्या मॅडम लातूरकडच्या, वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. कितीतरी दिवसांत काकूच्या अंगाला घरच्यांशिवाय कोणी शिवलं नव्हतं. मॅडम आल्या त्या सरळ खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. काकूनं तो मागं ओढला. "तुमाला लागंन माझं."

"लागू द्या. हा एकाचा दुसऱ्याला होणारा आजार नाही, मावशी."

मग त्यांनी फोड नसलेल्या, चांगल्या दिसणाऱ्या जागेवर अंगठा टेकून हलकासा सरकवला. उकडलेल्या बटाट्याचं साल सरकावं तसं कातडं सरकलं. मॅडमचं तोंड तेवढ्यापुरतं गंभीर झालं. डाळीएवढा तुकडा तपासायला काढला, आणि काही दिवसांनी नाव कळलं: पेम्फिगस. त्या मला इंग्रजीतून सांगायला लागल्या. मी म्हटलं, तिलाच सांगा. मग त्यांनी मराठीत सांगितलं, आणि नीट सांगितलं. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, जणू मधे चिकटा असतो. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारं सैन्य असतं. कधीकधी ते सैन्य चुकून त्या चिकट्यालाच शत्रू समजतं. मग वरचा थर सुटतो, आत पाणी भरतं, फोड.

काकू विचार करत होती. म्हणाली, "म्हंजी भाईरून कोन्ही आलं न्हाई? घरातलंच भांडण हाय व्हय?"

"अगदी बरोबर. घरातलंच भांडण."

"मंग हे त्या डोळ्याचं न्हाई?"

मॅडमना कळेना. मी त्यांना बाजूला नेऊन गेरूचं आणि बाळापूरच्या माणसाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता या बाईला चार शब्द ऐकवणार. डॉक्टर लोकांचा अशा गोष्टींवर राग असतो आणि तो असायलाच पाहिजे. त्या परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नाही मावशी. त्या डोळ्याचा आणि या फोडांचा काही संबंध नाही. हे तुम्ही केलेल्या कशामुळंही झालेलं नाही."

काकूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाठ हलत होती. त्या संध्याकाळी तिनं दूध मागून घेतलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले, पण ते बरं होण्याच्या वाटेवरचे होते. वॉर्डात चादर अंगाला चिकटते म्हणून अशा पेशंटला केळीच्या पानांवर निजवायचे. पान गुळगुळीत, थंड, कातडीला धरत नाही, रोज बदलता येतं. कुरुंद्याकडच्या एका ओळखीच्या मळ्यातून किसनकाका कोवळी पानं आणायचे. दवाखान्यात ती वाफेत शुद्ध करून, पॅराफिनचं तेल लावून पसरायचे. काका दारात उभं राहून नर्सचे हात बघत राहायचे, एकदाही नजर न हलवता. काकूला पहिल्यांदा पानांवर ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "लोकं पानावर जेवतेत. मीच वाढून ठिवल्यासारखी पडले."

सलाईनमधून औषध जायचं. जखमा जांभळ्या पाण्यानं पुसायचे. औषधानं साखर वाढली, तर तिचं इंजेक्शन सुरू झालं. तोंड सुजून गोल गरगरीत झालं. किसनकाकांनी ते बघून आयुष्यातला एकमेव विनोद केला: "पाटलीण दिसून राहिली." ती म्हणाली, पाटलिणीला असं पानात गुंडाळून ठेवतात होय.

आणि जरा उठायला लागली तशी तिची नजर पुन्हा कामाला लागली. समोरच्या खाटेवर एक मुलगी होती, जन्मापासून सगळ्या अंगाला माशासारखे खवले. तिला अंघोळीनंतर ओल्या अंगावरच मलम चोपडायचे. काकू तिच्या आईला सांगायची, इथं राहिलं बघ, गुडघ्यामागं. दुसऱ्या वॉर्डातून एक म्हातारा उन्हात बसायला यायचा. गाजरगवताच्या ॲलर्जीनं त्याच्या तोंडाचं कातडं जाड होऊन घड्या पडलेल्या, आणि डॉक्टरांनी त्याला सांगितलेलं की शेतात जाऊ नका. काकूनं त्याला विचारलं, मग कुठं जाणार? तो म्हणाला, तेच विचारायला आलोय. मॅडम राउंडला आल्या की काकू त्यांना खाटेखाटेचं विचारायची, आणि मॅडम थांबून सांगायच्या. बरं होतं का, हा तिचा शेवटचा प्रश्न असायचा. मॅडम कधीकधी म्हणायच्या, बरं होत नाही, सांभाळता येतं. हे उत्तर तिला पटायचं नाही. "सांभाळायला काय, ते लेकरू हाय का?"

घरी सोडताना मॅडमनी तिला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. फोड पूर्ण गेले तरी गोळी चालू राहील, पुष्कळ दिवस, कमी करत करत. सकाळी न्याहारी करून घ्यायची, आणि एक दिवससुद्धा चुकवायची नाही. ही गोळी चालू असताना शरीर स्वतःचं तसलं रसायन करणं सोडून देतं. तुम्ही अचानक बंद केली, तर अंगात काहीच उरत नाही, माणूस कोसळतो. दुसरी गोष्ट, कुणाच्याही जखमेला, फोडाला हात लावायचा नाही. या औषधांनी सैन्य दबलेलं आहे. बाहेरचे जंतू आले तर लढायला कोणी नाही.

काकूनं मान डोलावली. घरी आल्यावर तिनं सहाण उलटी करून ठेवली. कोणी आलं तर सांगायची, माझं बंद झालं. वर्षभर तिनं ते पाळलं. अंगावर नुसते काळपट डाग राहिले. पुन्हा तिखट खायला लागली, पुन्हा लोकांचे गळे बघायला लागली.

मग एक बाई आली. अंगावर पिणारं लेकरू, आणि नागीण बरोबर छातीखालून पाठीवर गेलेली. लेकराला जवळ घेतलं की किंचाळायची, म्हणून लेकरू उपाशी आणि तीही उपाशी; निरंकार यायचं असतं हे तिला कुणीतरी सांगितलेलं. काकू तिला आधी नाहीच म्हणाली. बाई ओट्यावरून उठेना. लेकरू रडून रडून गप झालं. काकू आत गेली आणि सहाण सुलटी करून घेऊन आली.

मी भिंतीवरून बघत होते. मी म्हटलं, काकू, मॅडमनी काय सांगितलंय?

"मॅडमनंच तर सांगितलं," ती गेरू उगाळत म्हणाली. "माझ्या हातानं कायी वाईट केलं न्हाई म्हून. मंग हात काहून बांधून ठिवू?"

याला काय म्हणायचं? ज्या वाक्यानं तिला उठवून बसवलं होतं, तेच वाक्य तिनं हातात धरलं होतं. मी बडबड केली, ओरडले, किसनकाकांना सांगितलं. त्यांनी मेंढरांकडं बघितलं. तिच्या सुनेनं मला हळूच सांगितलं, ताई, ही ओट्यावर बसली तवाच मला माझी सासू वाटली, न्हाईतर पावनी वाटायली होती.

आता लोक पहिल्यापेक्षा जास्त यायला लागले. सगळीकडं पसरलं होतं की धुरपताबाईवर नागिणी उलटल्या आणि तिनं त्या पचवल्या. औंढ्याकडून, बाळापूरकडून जीपा भरून यायच्या. ऐतवार-मंगळवारचा नेमही राहिला नाही. लांबून आलेल्या माणसाला वार कसा सांगायचा? आणि ती निरंकार. सकाळची गोळी, न्याहारी करून घ्यायची. न्याहारी नाही, तर गोळी नाही. दुपारी ओटा रिकामा व्हायचा तेव्हा ती भाकरी खायची. मी म्हटलं, निदान आता घे.

"आता दुपार झाली."

"मग संध्याकाळी घे. पण घे."

"मॅडम सकाळी म्हणल्या. सकाळची गोळी सांजंला घेऊन त्येंचा शब्द मोडू व्हय?"

ती थट्टा करत नव्हती. मॅडमचं तिनं सगळं अक्षरन् अक्षर मानलं होतं. सकाळ गेली की त्या दिवसाची गोळीही गेली, इतकं तिला ते सरळ दिसत होतं. आणि मी कितीही विज्ञान सांगितलं तरी मी मास्तरीण होते, डॉक्टरीण नव्हते.

पुढच्या तपासणीला मी तिच्यासमोरच मॅडमना सगळं सांगून टाकलं. काकूनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी तिची शेळी चोरलीय. मॅडम रागावल्या, पहिल्यांदाच. हात लावू नका म्हटलं होतं ना मी, म्हणाल्या. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, पहाटे किती लवकर सुरू करू शकता? त्यांनी सौदा केला. काडी लांब घ्यायची, बोट लावायचं नाही. सूर्य उगवायच्या वेळी जे हजर असतील तेवढेच. त्यानंतर न्याहारी, गोळी, आणि ओटा बंद. कधी चुकलीच सकाळ, तर दुपारी, संध्याकाळी, आठवेल तेव्हा, पण त्याच दिवशी. "हाही माझाच शब्द आहे," त्या म्हणाल्या. काकूनं तो मान्य केला.

आणि पाळलाही, काही काळ. ऊन अंगणातल्या लिंबाच्या शेंड्याला लागलं की ती ओट्यावरून उठायची. पण औंढ्याची पहिली गाडीच आमच्या गावात येते ती ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत आल्यावर. उतरणारी माणसं तहानलेली, कळवळत, पोटात काही नाही. त्यांना उद्या पहाटे या म्हणायचं म्हणजे उद्याही उपाशी. "यवढा थोडा येळ," ती म्हणायची, आणि ऊन लिंबावरून अंगणात उतरायचं. संध्याकाळी गोळी घेते असं मला सांगायची. घेतही असेल काही दिवस. ओट्यावर मान खाली घालून काडी बुडवणाऱ्या त्या बाईला दिवसभरात गोळी आठवत नसावी. हात आठवत असावा.

उन्हाळ्याच्या तोंडाला मांडीवर एक फोड आला. तिनं सांगितला नाही. तो चिघळला, ताप चढला, पाठीवर पुन्हा सगळं उघडं पडलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. नांदेडला पोहोचली तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. मॅडमनी मला फोनवर एकच विचारलं, गोळी कधीपासून नीट चालू नव्हती? मी सांगितलं. जंतू रक्तात गेले होते आणि अंगात लढायला काही उरलं नव्हतं. तिथून ती परत आली नाही.

मी तिला शेवटची बघितली ती ज्या सकाळी तिला नेलं तेव्हा. मंगळवार होता. शेजारच्याच्या बोलेरोची मागची सीट काढून किसनकाकांनी तिथं केळीची पानं अंथरली. ती त्यांनी आदल्या दिवशीच कुरुंद्याकडून आणून, उकळत्या पाण्यातून काढून, तेल लावून ठेवली होती. दवाखान्यात नर्स लावायची तशीच, देठ एका बाजूला, एकावर एक चढवून. घोंगडी घरात दांडीवर होती. तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही. आम्ही चौघांनी तिला चादरीत उचललं आणि पानांवर ठेवलं. कण्हली नाही. उजवा हात तेवढा चादरीच्या बाहेर राहिला होता. सगळ्या अंगावर टेकायला जागा नव्हती, त्या हातावर मात्र एक फोड नव्हता. नखांच्या कडेला गेरू होता.

ओट्यावर एक बाई आणि तिचा नवरा बसले होते. बाळापूरकडचे, मुक्कामी येऊन राहिलेले. बाईनं कमरेजवळचा पदर अंगापासून लांब धरला होता.

काकूनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या खांद्यावरून ओट्याकडं बघितलं. तो पदर तिला दिसला.

"मास्तरीण," ती म्हणाली. आवाज असा नव्हताच, मी कान खाली नेला. "त्यास्नी सांग, आज व्हत न्हाई. पाणी पिऊन घ्या म्हणावं."

गाडी गेली. मी घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि त्या बाईच्या हातात दिला. सांगितलं की आज व्हायचं नाही, आणि हेही सांगितलं की याच्या गोळ्या मिळतात, लवकर सुरू केल्या तर लवकर गुण येतो, दवाखान्यात जा. नवऱ्यानं मान हलवली. बाईनं तांब्या शेजारी ठेवला.

"येतीन की त्या माघारी," ती म्हणाली.

दुपारी मी शाळेतून आले, तेव्हा ऊन अख्ख्या अंगणात उतरलं होतं. ती बाई सहाणेकडं तोंड करून तिथंच बसलेली होती, पदर तसाच लांब धरून. तांब्या काठोकाठ भरलेला होता.